श्रेयनामावलीबाहेरचे सहवादक

आपल्याकडे गवयाचे चरित्र लिहावयास बसलेला लेखक प्रथम त्याच्या गुरूचे नाव लिहितो, नंतर गुरूच्या गुरूचे, आणि अशा रीतीने ग्वाल्हेर, आग्रा किंवा किराणा यांपैकी एखाद्या घराण्याच्या मूळपुरुषापर्यंत जाऊन आल्यावरच चरित्रनायकाच्या जन्मगावाकडे वळतो. ही पद्धत आपल्या संगीताच्या स्वभावाला धरूनच आहे, कारण येथे विद्या पिढ्यान्‌पिढ्या एका कंठातून दुसऱ्या कंठात उतरत आली. परंतु विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने जे संगीत घडविले आणि जे जॅझ या नावाने जगभर पसरले, त्याच्या वादकांची चरित्रे या पद्धतीने लिहू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तेथे गुरू कोण हा प्रश्न गौण ठरतो. हा मनुष्य कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, कोणाच्या शेजारी बसून वाजवीत होता, हेच प्रथम विचारावे लागते. जॅझ वादकाचे चरित्र म्हणजे त्याच्या सहवादकांची यादी होय, असे विधान मी जाणूनबुजून करतो, आणि पुढील सर्व प्रकरणे त्या विधानाच्या आधारावर उभी आहेत.

याचे कारण त्या संगीताच्या रचनेतच आहे. बारा किंवा बत्तीस मापांची एक ठरलेली चाल सर्व वादक मिळून एकदा वाजवितात. मग त्या चालीखालची स्वरसंवादांची मालिका तशीच फिरती ठेवून एकेक वादक तीवर आपला विस्तार करतो, आणि सर्वांची पाळी झाल्यावर मंडळी पुन्हा मूळ चालीवर एकत्र येतात. आपल्या रागविस्ताराशी याचे साम्य कोणाही श्रोत्याच्या ध्यानात येईल. किंबहुना ब्लूज या गीतप्रकारातील जो गांधार कोमल आणि शुद्ध या दोहोंच्या मध्ये कोठेतरी रेंगाळतो, तो आपल्या कानांना पाश्चात्त्य श्रोत्यांपेक्षाही अधिक जवळचा वाटावा असा आहे. परंतु आपला गायक अचल षड्जाच्या आधारावर उभा असतो. जॅझ वादकाचा आधार मापामापाला बदलतो, आणि तो बदलत असताना पियानो, कॉन्ट्राबास व ड्रम यांवर बसलेले सहकारी त्याच्या प्रत्येक वाक्याला तत्क्षणी उत्तर देत असतात. ते उत्तर ऐकून तो पुढचे वाक्य रचतो. ऐकणे हा वाजविण्याचाच अर्धा भाग असल्यामुळे शेजारचा माणूस बदलला की त्याचे स्वतःचे संगीतही बदलते.

हा ग्रंथ यवतमाळात बसून लिहिला गेला, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. कापसाच्या आणि सागवानाच्या या जिल्ह्याचा शिकागो-न्यू ऑर्लिन्सच्या संगीताशी संबंध काय, अशी शंका सकृद्दर्शनी रास्त आहे, आणि तिचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड येथील लग्नाच्या वरातींत ज्या बँडपार्ट्या पिढ्यान्‌पिढ्या वाजत आल्या, त्यांचा प्रमुख वादक क्लॅरिनेटवर गायिकेची ओळ वाजवितो, आणि दोन कडव्यांच्या मधली जी जागा येते ती ट्रंपेटवाला भरून काढतो. ती मधली जागा कोणी रचली? गाणे लताबाईंचे, चाल अमुक संगीत-दिग्दर्शकाची, शब्द तमुक कवीचे, हे आपल्याला पाठ असते; पण वरातीतला पोरसवदा वादक ज्या आठ-दहा मापांवर आपले सारे कसब पणाला लावतो, त्या मापांच्या कर्त्याचे नाव ना तबकडीवर असे, ना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत. त्या कर्त्याचा माग काढीत गेले असता वाट मुंबईत जाते, तेथून गोव्यातील चर्चच्या शाळेत, आणि तेथून थेट १९३५ सालच्या ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यगृहात.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाने आपला कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईस आणला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा वयस्क ट्रंपेटवादक आला, आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. वेदरफोर्डची कारकीर्द माझ्या मते या संपूर्ण इतिहासाचे प्रवेशद्वार आहे. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवीत होता, आणि त्या दोघांची एकत्र ध्वनिमुद्रणे आजही ऐकावयास मिळतात. त्याच वर्षी तो आशियाकडे निघाला. शांघायमध्ये त्याने नाव मिळविले, मुंबईच्या ताजमध्ये वाजविले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाद्यवृंदाचा नायक म्हणून तो स्थिरावला. तेथेच १९४५ च्या एप्रिलमध्ये पटकीने त्याचा अंत झाला. त्याच्या समकालीनांची नावे अमेरिकेतील ग्रंथांत सुवर्णाक्षरांनी लिहिली गेली. हा मात्र पूर्वेकडे निघून आल्यामुळे त्या ग्रंथांत एक-दोन ओळींचा धनी झाला. परंतु आपल्या बाजूने पाहता त्याचे मोल निराळेच दिसते. कलकत्त्यातील त्याच्या संचात दार्जिलिंगचे ट्रंपेटवादक पुष्कर बहादूर, म्हणजेच जॉर्ज बँक्स, होते, आणि त्यांचे चिरंजीव लुई बँक्स यांनी पुढे मुंबईत भारतीय जॅझचे नेतृत्व केले. ज्या रूडी जॅक्सनने १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात क्लॅरिनेट वाजविली होती, तोही याच काळात हिंदुस्थानात येऊन येथील वादकांच्या शेजारी बसला. अमेरिकेत वर्णभेदाच्या कायद्यांखाली ज्यांना मागच्या दाराने आत जावे लागे, ते येथे मोठ्या हॉटेलांत सन्मानाने मुशाहिरा घेत होते. मात्र त्याच नृत्यगृहांत श्रोते म्हणून बसलेल्या गोऱ्या साहेबांच्या राज्यात येथील प्रजा पारतंत्र्यात होती. हा विरोधाभास त्या संगीताच्या मुळाशी असलेल्या वेदनेपासून वेगळा काढता येत नाही, असे मला वाटते.

या पाहुण्यांच्या बरोबरीने बसू शकतील असे एतद्देशीय वादक मुंबईत तयार होते, ते प्रामुख्याने गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील प्रत्येक चर्चला जोडून संगीताची शाळा असे. तेथे ‘मेस्त’, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना लहानपणीच सोल्फेजो, म्हणजे स्वरवाचन, शिकवी, व्हायोलिन हाती देई, आणि रविवारच्या मिस्सेत गाण्या-वाजविण्यास उभे करी. लिपिबद्ध संगीत पाहताक्षणी वाजविण्याचे हे सामर्थ्य ब्रिटिश हिंदुस्थानात दुर्मीळ होते. त्यामुळे पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या पडद्यापुढचे वाद्यमेळे आणि साहेबांचे क्लब या सर्व ठिकाणी गोवेकरांची नेमणूक होऊ लागली. घरी शेतीभाती अपुरी, नोकऱ्या नाहीत, म्हणून धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, मुक्काम ठेवून हे तरुण काम शोधीत. जॅझ त्यांना शाळेत कोणी शिकविले नव्हते. ते त्यांनी तबकड्यांवरून आणि ताजमधील पाहुण्यांच्या शेजारी बसून उचलले, आणि कागदावर न लिहिता वाजविणे ही त्यांच्या शिस्तबद्ध शिक्षणाला सर्वस्वी अपरिचित असलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्या बळावर साध्य केली.

हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांतील सर्वांत तेजस्वी नाव. जन्म १९१६ चा. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते प्रसिद्धीस आले, आणि आर्मस्ट्राँगच्या वादनाचा त्यांच्यावर एवढा प्रभाव होता की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पण ट्रंपेटच्या वरच्या स्वरांवर त्यांचा जो निर्धास्त ताबा होता, तो कोणाची छबी गिरवून येणारा नव्हता. मोंबासात जन्मलेल्या मिकी कोरिया यांनी १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजमधील वाद्यवृंद सांभाळला, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या वादकांची फेरिस्त काढली तर ती मुंबईच्या वाद्यसंगीताचीच फेरिस्त होईल. टेनर सॅक्सोफोनवर पारशी समाजातील कावसजी खटाव होते, ज्यांनी रूडी कॉटन हे नाव धारण केले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवीत. पुढे चित्रपटसृष्टीत अनेक वर्षे राबून मिळविलेल्या पैशातून त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

स्वातंत्र्य आले आणि साहेब गेले. मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा लागू झाल्यावर रात्रीच्या मैफलींचा आधारही डळमळला. हॉटेलांतील बिदागी अनिश्चित झाल्यावर या वादकांचे पाय अधिकाधिक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांकडे वळू लागले. आणि येथेच त्यांची गाठ आमच्या माणसाशी पडली.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. परंतु त्यांच्या संगीतशिक्षणाचा महत्त्वाचा भाग नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याजवळ झाला. सप्रे गुरुजींचे दुसरे शिष्य वसंतराव देशपांडे, जन्माने मूर्तिजापूरचे, म्हणजे यवतमाळहून निघणारी आमची अरुंद रुळांची गाडी ज्या स्थानकावर जाऊन थांबे त्या गावचे. एकाच गुरूपाशी बसलेले हे दोन विदर्भवासी विद्यार्थी पुढे किती भिन्न दिशांनी गेले, हे पाहिले म्हणजे सप्रे गुरुजींच्या शिकवणीविषयी आदर दुणावतो. चितळकर नट होण्यास मुंबईस गेले, मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियमवर साथ करू लागले, आणि सी. रामचंद्र या नावाने संगीत-दिग्दर्शक झाले. त्यांना हिंदी चित्रपटात हात देणारे भगवान आभाजी पालव हेही मूळचे आमच्या शेजारच्या अमरावतीचे. गिरणीकामगाराचा हा मुलगा परळ-दादरच्या वस्तीत वाढला आणि मास्टर भगवान या नावाने मारधाडीचे चित्रपट काढू लागला. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून जुळलेली ही जोडी १९५१ साली ‘अलबेला’पाशी आली.

‘अलबेला’ने जे घडविले त्याचा विचार या ग्रंथात सर्वांत विस्ताराने केला आहे, कारण येथे तीन स्वतंत्र कारकिर्दी एकमेकींत मिसळतात. भगवानदादा नायक, दिग्दर्शक आणि निर्माते. चाली रामचंद्रांच्या, आणि नायकाचा आवाजही चितळकर या नावाने त्यांचाच. वाद्यमेळात चिक चॉकलेट आणि त्यांचे सोबती. एवढेच नव्हे, तर एका गीतात चिक यांचा संपूर्ण संच झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर अवतरतो. मागे राहून वाजविणाऱ्यांना पडद्यावर आणून उभे करण्याचे हे औदार्य त्या काळी विरळाच होते. त्याच चित्रपटात निद्रेचे आवाहन करणारी जी शांत अंगाई आहे, तिच्यात रामचंद्रांचे मराठी भावगीताचे मन दिसते, आणि पुढच्याच प्रसंगी ट्रंपेट व बोंगो यांचा जल्लोष सुरू होतो. परंतु या दोहोंत कोठे सांधा दिसत नाही. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतील त्यांची पाश्चात्त्य ढंगाची गाणी आणि ‘अनारकली’ (१९५३) मधील शुद्ध हिंदुस्थानी वळणाची गाणी एकाच लेखणीतून उतरली, हे पुष्कळांना कोडे वाटते. मला ते कोडे वाटत नाही. सप्रे गुरुजींकडून गुरुपरंपरेने जे उभे मिळाले आणि चिक यांच्या शेजारी बसून जे आडवे मिळाले, त्या दोहोंना त्यांनी सारखाच मान दिला.

नकलेचा आक्षेप येथे येणारच. ‘समाधी’तील एका गाण्याच्या चालीमागे अमेरिकन चित्रपटातील गीत उभे आहे, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु उसनी घेतलेली चाल हा या सहकार्याचा सर्वांत किरकोळ भाग होय. जॅझ वादकही प्रचलित नाट्यगीतांच्याच चाली घेऊन त्यांवर आपले विश्व उभारीत. खरे देणे-घेणे ध्वनिमुद्रणालयात घडत होते, आणि ते कसे घडत होते हे जाणल्यावाचून आक्षेप घेणे अन्यायाचे होईल.

संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बसवी. त्याचे स्वरज्ञान उत्तम असले तरी पन्नास वादकांसाठी पाश्चात्त्य लिपीत वेगवेगळे कागद तयार करणे हे त्याचे काम नसे. ते काम ‘अरेंजर’चे. तो चाल ऐकून व्हायोलिनांचे ताफे, चेलो, पितळी वाद्ये, गिटार यांच्या ओळी लिहून काढी. मुखड्यापूर्वीचा आणि कडव्यांमधला भाग पुष्कळदा स्वतःच रची. गायिकेच्या ओळीखाली दुसरी एक ओळ अशा बेताने चालवी की मूळ चाल उठून दिसावी आणि तरी ती खालची ओळ नसती तर गाणे ओकेबोके वाटावे. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत गायिका आणि सर्व वादक एकाच वेळी एकाच ध्वनिपट्टीवर मुद्रित होत. एकाचा स्वर चुकला तर सर्वांनी पहिल्यापासून वाजवावयाचे. रात्री हॉटेलात वाजवून पहाटे परतलेले वादक सकाळी येथे हजर असत. लाहोरच्या हॉटेलात आपला संच चालविणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईत आले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून शंकर-जयकिशन यांच्या संगीताची मांडणी त्यांनी सुमारे दोन तपे केली. त्याच जोडीच्या तालविभागात आपल्या नावाचा ठेका रूढ करणारे दत्ताराम वाडकर हेही गोव्याचेच. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी रईस खान यांच्या सतारीसह ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली, ज्यात अकरा रागांवर आधारलेल्या रचनांत लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम आहेत. मिश्रसंगीताची आज जी भरभराट दिसते, तिच्या आधीचा हा दस्तऐवज आहे.

गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे प्रकरण लिहिताना मन जड झाले. व्हायोलिनवादक, मांडणीकार आणि शिक्षक. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना समान भूमीवर उभे करावे, हा त्यांचा ध्यास. त्यापायी त्यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ स्थापून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारात जाहीर कार्यक्रम केला, ज्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले, आणि परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवून माजोर्ड्याच्या घरी राहिले. १९७७ साली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गीतात त्यांचे नाव गोवून गुरुऋण फेडले, देशभर ते नाव गाजले, पण ते एका जिवंत माणसाचे नाव आहे हे थोड्यांनाच ठाऊक होते. आपले चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर अनुबोधपट करून ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. २०१२ च्या जानेवारीत अँथनीबाब गेले.

हे संगीत आमच्या जिल्ह्यात पोहोचले त्याची कथाही लहान नाही. १९५२ पासून माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. हेतू शास्त्रीय संगीताच्या संवर्धनाचा होता आणि त्याचे काही सुपरिणामही झाले. परंतु श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ खेड्यापाड्यांत ऐकली जाऊ लागली. ताजच्या नृत्यगृहात पाऊल टाकण्याची ज्यांची कधीच ऐपत नव्हती, त्या वऱ्हाडातील कास्तकारांच्या आणि जिनिंग कारखान्यांतील मजुरांच्या कानांवर चिक चॉकलेट आणि सेबॅस्टियन यांचे संगीत अशा रीतीने पडले. हॉटेलातील श्रोतृवर्गापेक्षा हा श्रोतृवर्ग किती तरी पटींनी मोठा होता. आमच्या जिल्ह्याशी जुळणारा आणखी एक धागा आहे: पुढे सी. रामचंद्रांनी ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाला’ला चाली दिल्या, तेच माडगूळकर १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटात रामचंद्रांनी माडगूळकरांची आणि अमरावतीच्या सुरेश भटांची गीते बसविली. जिज्ञासूंनी त्यांतील वाद्यमेळाकडे स्वतंत्र लक्ष देऊन ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

उत्तरार्धातील प्रकरणांविषयी येथे थोडेच लिहितो. अमेरिकन वादकांपैकी डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये, एलिंग्टन १९६३ मध्ये आणि आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये हिंदुस्थानात आले. ब्रूबेक यांनी मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्या सतारीबरोबर वाजविले. मडगावचे क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी कोंकणी गीतात जॅझचे रक्त मिसळले. त्यांचे सहकार्य जितके फलदायी तितकेच दुःखद ठरले, आणि लोर्ना अनेक वर्षांच्या मौनानंतर १९९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांचे स्वर शोधले. मुंबईत वाढलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले आणि १९६९ मध्ये जमैकाचे जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी ‘हम दोनो’ ही तबकडी केली. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली, आणि तीत सॉनी रॉलिन्स यांनी वाजविले.

अखेरचे प्रकरण माता आणि पुत्राचे आहे. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू यांनी ठुमरी-दादऱ्याची बैठक आपल्या आईकडून, मेनकाबाई शिरोडकर यांच्याकडून घेतली. त्यांचे चिरंजीव त्रिलोक तबला शिकून युरोपात गेले, तेथे डॉन चेरी आणि जॉन मॅक्लॉक्लिन यांच्यासारख्यांच्या शेजारी बसले, आणि तालवाद्यांची आपली स्वतंत्र बैठक त्यांनी निर्माण केली. १९८८ च्या ‘उसफ्रेट’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी आपल्या सहवादकांच्या पंक्तीत आईला बोलाविले, आणि शोभाताई ट्रंपेट, बास व ड्रम यांच्यामध्ये आपल्या नेहमीच्या ढंगाने गायल्या. त्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून त्यांचे नाव छापलेले आहे, आणि वाजविणाऱ्या प्रत्येकाचेही.